थरथरणारे पुढचे चाक : शंभर वर्षांचे एक कोडे

सरळ, मोकळा रस्ता आहे. गाडी ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने चालली आहे. पुढचे एक चाक लहानशा खड्ड्यातून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाते आणि त्याच क्षणी पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात. स्टेअरिंग हातात ठरत नाही. खड्डा केव्हाच मागे पडला, तरी थरथर कमी होत नाही. उलट वाढत जाते. वेग पुष्कळ कमी केला, की मात्र ती जशी आली तशी नाहीशी होते. नंतर गाडी तासभर नीट चालते, जणू काही घडलेच नव्हते.

अमेरिकेत पिकअप ट्रक आणि जीपगाड्या मुद्दाम उंच करून, त्यांना मोठे टायर बसवून चालवण्याची हौस मोठी आहे. अशा गाड्यांचे मालक या प्रकाराला 'डेथ वॉबल', म्हणजे मरणाची थरथर, म्हणतात. नाव भडक असले तरी भीती खोटी नाही. भर वेगात स्टेअरिंग ताब्यात न राहणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिनिअर मात्र त्याला 'शिमी' या जुन्या नावाने ओळखतात. शिमी हा खांदे थरथरवत करायचा एक नाच होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तो अमेरिकेत फार लोकप्रिय झाला आणि त्याचे नाव थरथरणाऱ्या चाकांना चिकटले.

खड्डा तर मागे राहिला, मग थरथर चालू ठेवणारी ऊर्जा येते कोठून? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न सुटायला वीस वर्षे आणि चार-पाच देशांतील अभ्यासकांची बुद्धी खर्ची पडली. ती हकीकत आपण पाहू या. आज गॅरेजमध्ये अशा गाडीचे निदान कसे करावे, याचे उत्तरही त्या हकीकतीतच आहे.

मऊ टायर आले आणि दुखणे वाढले

सुरुवातीच्या मोटारींची पुढची चाके एका अखंड लोखंडी ॲक्सलच्या दोन टोकांना बसवलेली असत. बैलगाडीच्या आसाप्रमाणेच हा ॲक्सल एकसंध असे. फरक एवढाच, की त्याच्या टोकांशी किंगपिन नावाच्या उभ्या खिळीभोवती चाक वळू शके. दोन्ही चाके बरोबर वळावीत म्हणून ती एका आडव्या दांडीने, टाय रॉडने, जोडलेली असत. ॲक्सलवर पोलादी पाटे आणि पाट्यांवर गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, अशी ही रचना होती.

या गाड्यांचे टायर अरुंद आणि हवेच्या मोठ्या दाबाने टणक झालेले असत. १९२३ साली अमेरिकेच्या फायरस्टोन कंपनीने 'बलून' टायर बाजारात आणले. ते रुंद होते आणि त्यांतील हवेचा दाब पुष्कळ कमी होता. गाडीत बसणाऱ्यांना आराम वाटू लागला. याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसवण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि ॲक्सलच्या टोकांशी वजन वाढले. या दोन सुधारणांबरोबर शिमीची तक्रार एकाएकी सर्वत्र ऐकू येऊ लागली. पूर्वी क्वचित दिसणारा दोष आता चांगल्या, महागड्या गाड्यांतही दिसू लागला.

पहिला संशय साहजिकच चाकाच्या असमतोलावर गेला. हा संशय कितपत खरा, हे आपणच हिशेब करून पाहू. चाकाचा व्यास ८० सेंटिमीटर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, धरू. चाकाचा परीघ सुमारे अडीच मीटर असल्याने ते सेकंदाला आठ फेरे घेते. त्याच्या रिमवर, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर, ५० ग्रॅम वजन एकाच बाजूला जास्त असेल, तर अपकेंद्री बल सुमारे २५ न्यूटन होते. म्हणजे अडीच किलो वजनाइतका हिसका सेकंदाला आठ वेळा बसतो. स्टेअरिंग थरथरायला एवढे पुरेसे आहे. पण ही थरथर खड्ड्याची वाट पाहत नाही. ती ठरावीक वेगाला रोज, न चुकता येते आणि थोडा वेग वाढवला तरी कमी होते. शिमीची वागणूक अशी नाही. शिवाय समतोल साधलेल्या चाकांनाही ती होत होती. याचा अर्थ कारण आणखी खोलवर होते.

टायर तोंड एकीकडे करतो, जातो दुसरीकडे

त्या कारणापर्यंत पहिल्यांदा पोहोचला तो जॉर्ज ब्रुलिए हा फ्रेंच इंजिनिअर. १९२५ साली त्याने शिमीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की रबरी टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही. त्याच्यावर आडवा जोर आला, की तो रस्त्याशी टेकलेल्या जागी पिळवटतो आणि घसरला नाही तरी तिरका चालू लागतो. आज टायरशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकाची सुरुवात या गोष्टीने होते. ती प्रथम ध्यानात आली, ती एका त्रासदायक थरथरीचा शोध घेताना.

दुसरा धागा भोवऱ्याचा होता. हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. सायकलचे पुढचे चाक काढून त्याच्या आसाची दोन टोके दोन हातांत धरा आणि दुसऱ्या कोणाला ते जोरात फिरवायला सांगा. आता आसाचे एक टोक वर, दुसरे खाली करायचा प्रयत्न केला, की चाक हातांना हिसडा देऊन डावीकडे किंवा उजवीकडे वळू पाहते. अखंड ॲक्सलच्या गाडीत नेमके हेच घडते. एक चाक खड्ड्यात उतरले की ॲक्सल तिरपा होतो, त्याबरोबर दोन्ही फिरती चाके कलतात आणि भोवऱ्याच्या धर्मानुसार किंगपिनभोवती वळतात. वळली की त्या वळण्यामुळे ॲक्सल पुन्हा तिरपा होऊ पाहतो. अशा रीतीने वर-खाली आणि डावी-उजवी या दोन हालचाली एकमेकींना जोडल्या जातात.

ही जोड तोडणे हाच उपाय, हे १९३०च्या सुमारास पटू लागले. मॉरिस ओली हा इंग्रज इंजिनिअर रोल्स रॉइसची नोकरी सोडून १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्याने १९३२ मध्ये वजने पुढेमागे सरकवता येतील अशी एक प्रयोगगाडी तयार केली. प्रवाशांना सुख द्यायचे तर पुढच्या स्प्रिंगा पुष्कळ मऊ हव्यात, हे तिच्यावरून दिसून आले. पण अखंड ॲक्सलला मऊ स्प्रिंगा लावल्या की शिमी उसळे. तेव्हा प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगण्यावाचून मार्ग उरला नाही. १९३४ सालच्या जनरल मोटर्सच्या गाड्या स्वतंत्र चाकांच्या रचनेसह बाजारात आल्या आणि पुढील काही वर्षांत बहुतेक कंपन्यांच्या मोटारींतून पुढचा अखंड ॲक्सल हद्दपार झाला.

विमानाच्या चाकाने दिलेले उत्तर

मोटारीचे दुखणे असे टळले, पण उलगडले नव्हते. ते पुन्हा समोर आले विमानात. १९३०च्या दशकात विमानाच्या नाकाखाली एक वळणारे चाक आणि मागे दोन चाके अशी रचना येऊ लागली. धावपट्टीवर हे नाकाचे चाक थरथरू लागले, की त्याचा आधारखांबच मोडण्याचा धोका असे. येथे अखंड ॲक्सल नव्हता, दुसरे चाकही नव्हते. तरीही थरथर होती. म्हणजे दोष एकट्या ॲक्सलचा नव्हता.

अमेरिकेच्या लँग्ले येथील वैमानिकी प्रयोगशाळेत आर्थर कँट्रोविट्झ या तरुण शास्त्रज्ञाने फिरत्या पट्ट्यावर लहान चाके चालवून पाहिली. १९३७ सालच्या त्याच्या अहवालात एक सुंदर निरीक्षण आहे. चाक अगदी सावकाश चालवले, तरी टायरच्या लवचिकपणामुळे त्याचा मार्ग नागमोडी होतो, आणि एका नागमोडीला लागणारे अंतर वेगावर अवलंबून नसते. वेग वाढला की तेवढ्याच अंतरात तेवढीच नागमोड होते, पण कमी वेळात. म्हणून थरथर जलद होते. १९४१ साली जर्मनीत फॉन श्लिप आणि डीट्रिश यांनी टायरला ताणलेल्या दोरीची उपमा देऊन याचे गणित मांडले. सोव्हिएत रशियात म्स्तिस्लाव केल्डिश या गणितज्ञाने १९४५ साली नाकाच्या चाकाच्या शिमीवर ग्रंथ लिहिला आणि १९४६ साली त्यासाठी त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. हाच केल्डिश पुढे १९६१ ते १९७५ पर्यंत सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता. १९६६ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हान्स पासेयका याने शिमीवरच डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तो टायरशास्त्रातील सर्वांत मोठा अधिकारी मानला गेला.

या सर्वांच्या अभ्यासाचे सार सोप्या भाषेत असे सांगता येईल. चाक वळले, की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग लगेच त्याच्या मागे येत नाही. तो काही अंतर चालून गेल्यावर येतो. म्हणजे टायरचा प्रतिसाद नेहमी थोडा उशिरा असतो. चाक मधल्या स्थितीकडे परतत असताना रस्त्याचा आडवा जोर जुन्याच दिशेने लागत राहतो, आणि चाकाला थांबवण्याऐवजी पुढे ढकलतो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या टोल्यासारखे हे आहे. टोला देणारा मात्र बाहेरचा कोणी नाही. ऊर्जा येते ती गाडीच्या पुढे जाण्यातून, म्हणजे शेवटी इंजिनातून आणि गाडीच्या वेगातून.

अशा कंपनाला आपण स्वयंपोषित कंपन म्हणू. त्याचे उदाहरण प्रत्येक वर्गात आहे. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरून ओढला, की किंचाळतो. हात सरळ, एकसारखा चाललेला असतो. हाताला कंप नसतो. तरी खडू त्या संथ गतीतून ऊर्जा घेऊन स्वतःच कंप पावतो. शिमीत खड्डा हे केवळ निमित्त असते. सांध्यांतील घर्षण आणि डँपर जेवढी ऊर्जा खातात, तीपेक्षा जास्त ऊर्जा टायर आत घेऊ लागला, तर थरथर वाढते. कमी घेत असेल, तर खड्डा आला तरी दोन हेलकाव्यांत सारे शांत होते. वेग कमी केल्यावर ती अचानक थांबते, तेही याचमुळे.

गाडी उंच केली की काय बदलते

मोटारींतून गेलेला अखंड ॲक्सल दणकट गाड्यांत मात्र टिकून राहिला. तो मजबूत, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असतो. १९४१ साली युद्धासाठी बनलेल्या विलीज जीपला तोच होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी या जीपची जुळणी सुरू केली आणि तिच्या वंशातील गाड्या महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचल्या. जीपच्या पुढच्या सांध्यांचा घट्टपणा वर्कशॉपमध्ये स्प्रिंग काट्याने ओढून मोजतात आणि पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-जास्त करून जुळवतात. फार सैल सांधा म्हणजे थरथरीला आमंत्रण, हे मिस्त्री लोकांना केल्डिशचे नावही न ऐकता ठाऊक असते.

अमेरिकेतील काही जीपगाड्यांना आणि मोठ्या पिकअप ट्रकना आजही पुढे अखंड ॲक्सल असतो, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या आहेत. पाटे ॲक्सलला आडवे सरकू देत नाहीत. कॉइल स्प्रिंगांना ते साधत नाही. म्हणून एक तिरपी दांडी बसवतात. तिचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते. पानार या जुन्या फ्रेंच मोटार कंपनीवरून तिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. स्टेअरिंगची पेटी चासीवर असते आणि तिच्यापासून ड्रॅग लिंक नावाची दांडी चाकांकडे जाते. आता पॅनहार्ड रॉडच्या बोल्टचे भोक दोन मिलिमीटर जरी झिजले, तरी ॲक्सल तेवढा आडवा सरकू शकतो. ड्रॅग लिंकचे टोक चासीवरील पेटीला धरलेले असल्याने ॲक्सल सरकला की चाके आपोआप वळतात; चाके वळली की ॲक्सल पुन्हा सरकतो. थरथरीला हवे असलेले चक्र पूर्ण होते.

गाडी १० सेंटिमीटर उंच केली, की यात चार बदल होतात. पहिला, मूळ गाडीत जवळजवळ समांतर असलेल्या ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड या दांड्यांचे कोन वेगळे होतात. मग ॲक्सल नुसता वर-खाली झाला तरी चाके थोडी वळतात. दुसरा, किंगपिनच्या रेषेचा मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. ॲक्सल एक मीटर लांबीच्या अखंड भुजेने चासीला जोडलेला असेल, तर १० सेंटिमीटर उंचीने कॅस्टर जवळजवळ ६ अंशांनी घटतो आणि चाक सरळ ठेवणारी ओढ जवळपास नाहीशी होऊ शकते. म्हणून उंचीबरोबर कॅस्टर पुन्हा जुळवावा लागतो. मात्र तो भरमसाट वाढवला तरी थरथर बळावू शकते.

तिसरा बदल टायरचा. चाकाला वळवताना होणारा विरोध वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो. व्यास ७० वरून ८५ सेंटिमीटर आणि वजन १.४ पट झाले, तर हा विरोध दुप्पट होतो. सांधे, बुश आणि डँपर मात्र जुन्या हिशेबाचेच राहतात. चौथा, बाहेर काढलेल्या रुंद रिममुळे टायर किंगपिनपासून दूर जातो आणि खड्ड्याच्या धक्क्याला लांब तरफ मिळते.

निदान करताना

एवढे समजल्यावर निदानाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम थरथर कोणत्या जातीची, हे ओळखावे. ठरावीक वेगाला नेहमी येते आणि त्या वेगाच्या वर-खाली जाते, तर चाकाचा समतोल, वाकडी रिम आणि टायरची गोलाई पाहावी. खड्ड्यानंतर सुरू होऊन थांबतच नाही, तर ती शिमी आहे, आणि सैलपणा शोधला पाहिजे.

त्यासाठी गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि मागच्या चाकांना दगड लावलेले असावेत. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवत राहावे. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने खालून प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहावा आणि फिरत्या भागांपासून जपून हाताने चाचपावा. सर्वांत आधी पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोके पाहावीत : दांडी हलण्याआधी बोल्ट भोकात हलतो का, भोक लांबट झाले आहे का, चासीवरील ब्रॅकेटला तडा आहे का. मग टाय रॉड व ड्रॅग लिंकचे सांधे, स्टेअरिंगच्या पेटीचे बोल्ट आणि ॲक्सल धरणाऱ्या भुजांचे बुश पाहावेत. त्यानंतर गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवावी आणि चाक वर-खाली धरून हलवावे. मिस्त्री ज्याला 'प्ले' म्हणतात तो लागला, तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग झिजले आहे. शेवटी टायरमधील हवा, कॅस्टर आणि चाकांची दिशा मोजून घ्यावी.

स्टेअरिंग डँपरचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे आमचे मत आहे. पुष्कळ लोक उलट करतात. नवा डँपर बसवला की थरथर थांबते, कारण तो जास्त ऊर्जा खातो. पण झिजलेले भोक झिजतच राहते, आणि काही महिन्यांनी डँपर थकला की दुखणे अधिक जोराने परत येते. याचा अर्थ डँपर निरुपयोगी आहे असा नाही. २०१९ साली कंपनीकडून आल्या तशाच, उंच न केलेल्या काही नव्या जीप रँग्लर गाड्यांत थरथरीच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने सुधारित डँपर बसवून दिले. विमानाच्या नाकाच्या चाकालाही शिमी डँपर असतो. पण जेथे सांधा सैल आहे, तेथे डँपर म्हणजे ताप उतरवणारी गोळी. तिने रोग बरा होत नाही.

प्रत्यक्ष थरथर सुरू झाली, तर चालकाने स्टेअरिंग घट्ट धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी बेताने हळू करून बाजूला थांबवावी. वेग वाढवून थरथर ओलांडून जाण्याचा प्रयत्न करू नये. असमतोलाच्या थरथरीला लागू पडणारी ही युक्ती शिमीत घातक ठरते.

शिक्षकांना या विषयातून एक गोष्ट वर्गात नेता येईल. निमित्त आणि कारण यांतील फरक मुलांना शब्दांनी सांगून कळत नाही. शाळेत चाके लावलेले टेबल किंवा सामानाची ढकलगाडी असेल, तर तिचे एखादे वळणारे चाक ढकलताना फडफडते का ते पाहावे. कोणत्या वेगाला फडफड सुरू होते, गाडीवर वजन ठेवल्यावर काय होते, चाकाची खिळी घट्ट केल्यावर काय होते, हे मुलांना वहीत टिपायला सांगावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा नियम मात्र पाळावा. एकाच दिवशी पाच सुटे भाग बदलून 'गाडी बरी झाली' म्हणणाऱ्या मालकाला आपले पैसे कशावर खर्च झाले हे कधीच कळत नाही, आणि त्यांतला खरा दोष कोणता होता हेही नाही.